वाचणें आणि वांचणें

घरांतील एखादी वस्तु बिघडावयाची झाली म्हणजे ती बहुधा आधीं कुरकुर करते. दाराची बिजागरी वाजूं लागते, पंखा हलूं लागतो, नळाची चकती झिजली कीं रात्रभर थेंब गळतो. आणि गृहस्थास सवड असो वा नसो, ती वार्ता त्याच्या कानावर जाते. संगणकाच्या पोटांत हार्ड डिस्क म्हणून जी वस्तु असते ती मात्र या बाबतींत फार अबोल आहे. आपलें दुखणें ती सांगतच नाहीं असें नाहीं. परंतु विचारल्यावांचून सांगत नाहीं, आणि विचारावें कसें हें घरांत कोणास ठाऊक नसतें. अलीकडील पुष्कळ संगणकांत हिच्या जागीं चक्रें नसलेली, निव्वळ चिपांची डिस्क आली आहे हें खरें. तथापि टेबलाखालीं उभा असलेला आठ-दहा वर्षांचा जुना संगणक आपल्या घरांतून अजून नाहींसा झालेला नाहीं, आणि लग्नांचे फोटो, वडिलांचें मृत्युपत्र, सोसायटीचा पत्रव्यवहार, आजोबांच्या पत्रांच्या प्रतिमा हें सर्व बहुतकरून त्याच्याच पोटांत असतें. म्हणून या वस्तूच्या अंतकाळाविषयीं चार शब्द लिहिणें मला अप्रस्तुत वाटत नाहीं.

ही वस्तु मुळांत आहे तरी काय? फिरत्या तबकडीवर चुंबकाच्या साह्यानें लिहिण्याची व वाचण्याची युक्ति आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं प्रथम बाजारांत आणली. त्या पहिल्या यंत्रांत दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या, आणि एवढ्या खटाटोपांत पन्नास लाख अक्षरें मावत. आज तळहातावर राहणाऱ्या एक टेराबाइटच्या डिस्कमध्यें त्याच्या दोन लाख पट मजकूर बसतो. टेबलावरच्या संगणकांतील अशा डिस्कची तबकडी बहुधा मिनिटाला ७,२०० वेळां, म्हणजे सेकंदाला १२० वेळां फिरते. आणि वाचणारें टोंक, ज्यास हेड म्हणतात, तें तबकडीला न टेकतां हवेच्या पातळ थरावर अवघ्या कांहीं नॅनोमीटर उंचीवरून तरंगत असतें. माणसाचा केंस पन्नास हजार नॅनोमीटर सहज भरतो. एवढें सांगितल्यावर, डिस्कचें झांकण घरच्या घरीं उघडून 'जरा आंत काय झालें आहे तें पाहूं' म्हणणाऱ्या उत्साही मंडळींस निराळा उपदेश करण्याचें कारण उरूं नये.

तबकडीवरचा मजकूर लहान लहान कप्प्यांत लिहिलेला असतो. त्यांस सेक्टर म्हणतात. पूर्वीं एकेका सेक्टरांत ५१२ अक्षरें असत. आतां प्रत्यक्षांत बहुधा ४,०९६ असतात, पण हिशेब ठेवतांना पुष्कळ डिस्का अजून जुनेंच माप वापरतात. प्रत्येक सेक्टरच्या शेवटीं कांहीं जादा अंक जोडलेले असतात, आणि थोडी पुसट झालेलीं अक्षरें त्यांच्या साह्यानें गणितानें भरून काढतां येतात. या प्रकारची एक प्रसिद्ध रीत रीड व सॉलोमन या दोघां गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडली. सांगावयाचें इतकेंच कीं, चांगल्या प्रकृतीची डिस्कदेखील रोज चुका वाचते आणि रोज त्या निमूटपणें सुधारून घेते. गणिताच्या आवांक्याबाहेर पुसट झालेला सेक्टर आला म्हणजेच काय तो प्रसंग येतो. मग ती तोच सेक्टर पुन्हां वाचते, आणखी एकदां वाचते, कित्येक सेकंद तेथेंच घुटमळते. आणि अखेर 'वाचतां येत नाहीं' असें उत्तर देऊन आपल्या वहींत त्या सेक्टरची 'प्रलंबित' म्हणून नोंद करून ठेवते.

पुढें जें होतें तें नीट ध्यानांत घेण्यासारखें आहे. त्या प्रलंबित सेक्टरवर कोणीं नवें कांहीं लिहावयास गेलें, कीं डिस्क ती संधि साधते. लिहिलेलें तेथें टिकत नाहीं असें दिसल्यास ती जुन्या जागेवर काट मारते, राखून ठेवलेल्या शिलकी जागांपैकीं एक तिच्या नांवें करून देते, आणि यंत्र पुन्हां निरोगी झालें असें सर्वांस वाटतें. सेक्टर बरा झाला. त्यांत आधीं काय लिहिलें होतें तें मात्र कायमचें गेलें. डिस्कचा स्वतःचा आरोग्याचा मार्ग हा विस्मृतीचा मार्ग आहे. यंत्र दुरुस्त करणें आणि यंत्रांतील मजकूर वांचविणें या दोन गोष्टी एक नव्हेत. इतकेंच नव्हे, तर अशा वेळीं त्या एकमेकींच्या वैरिणी असतात. हें ज्यास वेळेवर उमगलें, त्याचें पुष्कळसें काम झालेंच म्हणावयाचें.

हा भेद मला धंद्यामुळें ठाऊक होता; त्याची धग लागली ती २०२२ सालच्या पावसाळ्यांत, सांगलीच्या आमच्या काकांमुळें. काकांचें वय त्या वेळीं ब्याऐंशी. नोकरींतून निवृत्त झाल्यावर कांहीं वर्षांनीं त्यांनीं आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत लिहावयास घेतला. कुलवृत्तांत म्हणजे काय प्रकरण असतें तें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. काकांचा विशेष एवढाच कीं, जुन्या कुलवृत्तांतांत मुलींची आणि सुनांची जी बोळवण झालेली दिसते ती त्यांस मान्य नव्हती. 'कन्या दोन' असें लिहून कन्यांना निरोप देणें त्यांना पाप वाटे. प्रत्येक स्त्रीचें माहेरचें नांव, माहेरचें गांव, शिक्षण, तिनें केलेलें काम हें मिळेल तेथून मिळवून लिहावयाचें, असा त्यांचा हट्ट होता आणि त्यापायीं त्यांनीं कोंकणांत सहा खेपा केल्या.

साधन म्हणून त्यांच्यापाशीं एक ट्रंक होती. तींत चार पिढ्यांचीं पत्रें, जमाखर्चाच्या वह्या, कांहीं मोडी टिपणें. २०१७ सालीं काकांनीं स्कॅनर घेतला आणि दोन वर्षें रोज सकाळीं पूजा आटोपली कीं दहा-दहा पानें संगणकांत उतरवून काढलीं. मग २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेला महापूर आला. सांगलींतील असंख्य घरांप्रमाणें काकांच्या तळमजल्यावरही छातीइतकें पाणी चढलें. निघण्याच्या घाईंत काकूंनीं शेजारच्या मुलाकडून संगणकाचा डबा तेवढा वरच्या मजल्यावर नेवविला. ट्रंक जड होती, ती राहिली. पाणी उतरल्यावर तिच्यांत जें होतें त्यास कागद म्हणवत नव्हतें. तेव्हांपासून चार पिढ्यांचा सर्व लेखी ठेवा त्या एका डिस्कवर होता.

जुलैंत एके दिवशीं दुपारीं काकांचा फोन आला.

"अरे, संगणक सुरू व्हायला पाऊण तास लागतो आहे. एखादें पत्र उघडायला गेलों कीं बसूनच राहतो. आतां पडद्यावर विचारतो आहे कीं, डिस्क तपासून दुरुस्त करूं का? काय सांगूं त्याला?"

मीं विचारलें, "काका, आंतून टक्-टक् असा आवाज येतो आहे का?"

"छे, आवाज कांहीं नाहीं."

"मग त्याला कांहीं सांगूं नका. संगणक बंद करा, भिंतीवरचें बटण बंद करा, आणि मी येईपर्यंत कोणालाही हात लावूं देऊं नका."

"पण तो स्वतःच दुरुस्त करतों म्हणतो आहे ना?"

"म्हणूनच," मी म्हणालों.

काकांना तें उत्तर उद्धटपणाचें वाटलें असावें, कारण त्यांनीं फोन काकूंकडे दिला. परंतु त्या प्रश्नांत खरोखरच धोका होता. फाइलींचा हिशेब तपासणारा जो प्रोग्रॅम संगणकांत असतो, त्याचें काम हिशेबाची वही जुळती करण्याचें आहे. ज्या नोंदीचा मेळ बसत नाहीं ती तो छाटतो. जे तुकडे कोणाचे तें कळत नाहीं ते एका अडगळीच्या फोल्डरांत टाकतो. आणि हें सर्व तो त्या आजारी तबकडीवर लिहून करतो. निरोगी डिस्कवर वीज गेल्यामुळें कांहीं घोटाळा झाला असेल तर हाच प्रोग्रॅम मोठा उपकारकर्ता आहे. झिजत्या डिस्कवर तो कारकून नसून झाडूवाला ठरतो.

आदल्या दिवशीं गांवांतील एक दुरुस्तीवाले येऊन गेले होते. त्यांनीं डिस्क फॉर्मॅट करून विंडोज नव्यानें घालून देतों, म्हणजे संगणक नव्यासारखा चालेल, असें सांगितलें होतें. त्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्याकडे येणाऱ्या बहुतेक गिऱ्हाइकांस संगणक चालू व्हावयास हवा असतो, आणि तो त्यांनीं चालू करून दिलाही असता. शिवाय आप्तेष्टांकडून एक निराळाच उपचार सुचविला गेला होता: डिस्क पिशवींत घालून रात्रभर फ्रीजरांत ठेवावी. हा उपाय फार वर्षांपासून तोंडोतोंडीं चालत आलेला आहे. जुलैच्या दमट हवेंत गोठलेली डिस्क बाहेर काढली कीं तिच्या अंगावर दंव धरतें, आणि जेथें धुळीचा कण खपत नाहीं तेथें पाण्याचा थेंब काय करील याचा विचार कोणी करीत नाहीं. काकूंनीं मात्र, फ्रीजरांत दूध-मटाराशिवाय कांहीं जाणार नाहीं, अशा रोखठोक शब्दांत तो प्रश्न निकालांत काढला होता.

आवाजाविषयीं मीं जें विचारलें त्याचें कारण असें. डिस्क नियमित ठोके देत असेल, किंवा संगणकास ती दिसतच नसेल, तर रोग बहुधा हेडचा असतो. अशी डिस्क चालू ठेवणें म्हणजे तिच्या तबकडीवर ओरखडे काढण्यासारखें आहे. ती बंद करून, धूळविरहित खोली असलेल्या व्यावसायिक प्रयोगशाळेकडेच धाडावी. खर्च पुष्कळ येतो, आणि तो सोसावयाचा कीं नाहीं हें आंत काय आहे यावर ठरवावें. घरीं जें करण्यासारखें आहे तें फक्त फिरणाऱ्या, दिसणाऱ्या, परंतु वाचतांना अडखळणाऱ्या डिस्कसाठीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी सांगलीस पोंचलों. बरोबर दोन टेराबाइटच्या दोन कोऱ्या डिस्का, एक नवी केबल आणि लिनक्स घातलेला पेन ड्राइव्ह. आजारी डिस्कवरून संगणक सुरू करावयाचाच नाहीं, हा पहिला नियम. कारण विंडोज उठतां उठतां आपल्या अंथरुणावर शेंकडों ठिकाणीं कांहींतरी लिहीत असतें. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलें, म्हणजे डिस्क नुसती जोडलेली राहते आणि आपण विचारूं तेवढेंच बोलते.

मग तिची प्रकृति विचारली. प्रत्येक डिस्क स्वतःच्या आजाराची एक वही ठेवीत असते. त्या व्यवस्थेला स्मार्ट असें नांव आहे. तींत तीन आंकडे आधीं पाहावे. केबलमधून जातांना झालेल्या चुका हा एक. तो वाढत असेल तर दोष पुष्कळदां डिस्कचा नसून चार आण्यांच्या मोलाच्या केबलचा असतो, आणि केबल बदलतांच सर्व शांत होतें. येथें तो शून्य होता. काट मारून हलविलेले सेक्टर हा दुसरा. ते ९६ होते. प्रलंबित सेक्टर हा तिसरा, ते १६८. आणि मजा अशी कीं, त्याच वहीच्या शिरोभागीं एकंदर प्रकृतीचा शेरा मात्र 'उत्तीर्ण' असा होता! या शेऱ्यावर फार विसंबूं नये. गूगलच्या तिघां अभियंत्यांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास २००७ सालीं प्रसिद्ध केला. त्यांत असें आढळलें कीं, तपासणींत पहिली चूक निघाल्यापासून साठ दिवसांत ती डिस्क मरण्याचा संभव बिनचुकीच्या डिस्कपेक्षां ३९ पट असतो. आणि त्याबरोबर असेंही आढळलें कीं, मेलेल्या डिस्कांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांच्या वहींत महत्त्वाच्या चारही खुणांपैकीं एकही उमटली नव्हती. म्हणजे वहीनें वाईट सांगितलें तर तें खरें मानावें, चांगलें सांगितलें तर तें खरें मानूं नये.

आतां मुख्य काम. आजारी डिस्कवरील प्रत्येक सेक्टर, त्यांत काय आहे याची विचारपूस न करतां, जशाचा तसा कोऱ्या डिस्कवर उतरावयाचा. यासाठीं अंतोनियो दियाझ दियाझ या गृहस्थांनीं लिहिलेला डीडीरेस्क्यू नांवाचा प्रोग्रॅम आहे. तो फुकट मिळतो, आणि माझ्या मतें या विषयांत त्याच्याइतकें शहाणपण दुसऱ्या कशांत सांठविलेलें नाहीं. साधी नक्कल करणारा प्रोग्रॅम पहिल्या वाईट सेक्टरपाशीं हटून बसतो आणि त्या एका हट्टापायीं डिस्क मारून टाकतो. हा तसें करीत नाहीं. परीक्षेंत शहाणा विद्यार्थी सोपे प्रश्न आधीं सोडवितो, त्याप्रमाणें हा जें सहज वाचतां येतें तें आधीं उचलतो. अडखळलें कीं तो भाग सोडून पुढें उडी मारतो, पुन्हां अडखळलें कीं अधिक मोठी उडी मारतो. एक फेरी पुढून, एक फेरी मागून. बहुतेक सारें हातीं आल्यावर मग सोडलेल्या भागांच्या कडा तो कुरतडूं लागतो, आणि अगदीं शेवटीं एकेक सेक्टर सुटा सुटा मागून पाहतो. काय मिळालें, काय राहिलें, याची नोंद तो एका नकाशांत सतत ठेवीत जातो. त्यामुळें काम मध्येंच थांबलें तरी जेथें थांबलें तेथूनच पुढें चालतें. आपल्या भाषेंत वाचणें आणि वांचणें यांत एका अनुस्वाराचें अंतर आहे. या कारभारांत तेवढेंही नाहीं.

येथें एकच गोष्ट प्राणघातक आहे. कोठून कोठें उतरावयाचें तीं दोन नांवें उलट दिलीं गेलीं, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सारें कोरें होतें. म्हणून दोन्ही डिस्कांच्या अंगावरचे क्रमांक मीं पडद्यावरच्या क्रमांकांशीं ताडून पाहिले, आणि मग काकूंना भिंग देऊन त्यांच्याकडून मोठ्यानें वाचून घेतले. काकूंनीं तें काम सत्यनारायणाच्या पोथीसारखें सावकाश केलें.

सकाळीं साडेदहाला आरंभ केला. डिस्क तापूं नये म्हणून तिच्यावर टेबलपंखा सोडला होता. काका खुर्ची ओढून शेजारीं बसले ते जेवणापुरते उठले. चार वाजेपर्यंत शेंकडा ९९.७ मजकूर नव्या डिस्कवर आला होता. मला हायसें वाटलें. काकांना वाटलें नाहीं. "उरलेलें कोणतें?" एवढेंच ते विचारीत. तें सांगण्यासारखें नव्हतें. या अवस्थेंत फक्त सेक्टरांचे क्रमांक दिसतात; त्या क्रमांकाच्या जागीं काय आहे, एखादें पत्र कीं निव्वळ मोकळी जागा, हें नंतर कळतें. संध्याकाळीं वीज गेली. काकांचा चेहरा पाहवेना. अर्ध्या तासानें ती आली, नकाशा उघडला, आणि काम जेथें तुटलें होतें तेथून पुढें सुरू झालें. तेव्हां कोठें त्यांनीं चहा घेतला.

उरलेल्या शेंकडा ०.३ ला त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशींची संपूर्ण रात्र लागली. एकेका सेक्टरपाशीं डिस्क अर्धा-अर्धा मिनिट थांबे. तेवढ्या वेळांत काका मला भांडारकर संस्थेच्या महाभारताची गोष्ट सांगत बसले. चिकित्सक आवृत्तीचें तें काम १९१९ सालीं सुरू होऊन १९६६ सालीं पुरें झालें. भारतभरचीं हस्तलिखितें ताडून पाहतांना संपादकांनीं एक शिस्त पाळली: जेथें पाठाविषयीं पुरती खात्री नाहीं, तेथें त्या शब्दांखालीं नागमोडी रेघ छापावयाची, आणि बाकीचे पाठभेद खालीं द्यावयाचे. "संशय लपवायचा नाहीं, छापायचा," काका म्हणाले. मीं त्यांना सांगितलें कीं, मीही उद्यां हेंच करणार आहें.

कारण डीडीरेस्क्यूमध्यें तशी सोय आहे. जे सेक्टर शेवटपर्यंत मिळाले नाहींत, त्यांच्या जागा नव्या डिस्कवर एखाद्या ठरविलेल्या खुणेच्या शब्दानें भरून काढतां येतात. मग सर्व फाइलींतून तो शब्द शोधला, कीं नेमक्या कोणत्या फाइलींना भोंक पडलें तें समजतें. पहिल्या नकलेची दुसरी नक्कल करून मीं ती खूण भरली, आणि फाइलींच्या वहीची दुरुस्तीही त्या दुसऱ्या नकलेवरच केली. ज्या दुरुस्तीला मीं फोनवर मनाई केली होती, ती आतां खुशाल चालूं दिली. बिघडलें असतें तर मूळ नक्कल शाबूत होती.

हिशेब असा लागला: १९५ कोटींहून अधिक सेक्टरांपैकीं २,८१६ वाचतां आले नाहींत. अक्षरांत सांगावयाचें तर १४ लाख ४१ हजार. पुष्कळसे विंडोजच्या स्वतःच्या फाइलींत आणि मोकळ्या जागेंत पडले होते, त्यांचें सुतक नव्हतें. घरच्या पांच फाइली सांपडल्या. तीन एका लग्नाचे फोटो होते. काका म्हणाले, त्यांतील अर्ध्या मंडळींना मी ओळखतही नव्हतों. चौथी खुद्द कुलवृत्तांताची, आणि पांचवी एका पत्राची प्रतिमा.

या दोहोंवरून जुन्या आणि नव्या साधनांतील एक फरक मनावर ठसला. वाळवीनें पान खाल्लें तर भोंकाभोंवतींचें सर्व वाचतां येतें. संगणकांतील वर्डची फाइल ही दाबून बांधलेल्या गांठोड्यासारखी असते. तिच्या मध्यें चार हजार अक्षरांचा एक सेक्टर गेला, तर पुढचें गांठोडें नेहमींच्या रीतीनें सुटत नाहीं. फोटोंच्या प्रतिमेचेंही बहुधा तसेंच. जितकें घट्ट बांधावें तितकें थोड्या जागेंत मावतें, आणि तितकेंच थोड्या घावानें जातें. कुलवृत्तांताची तीन महिन्यांपूर्वींची प्रत दुसऱ्या नांवानें ठेवलेली निघाली आणि ती अभंग होती. मधल्या तीन महिन्यांचें लिखाण काकांच्या हस्तलिखित वह्यांत होतें. तें त्यांनीं दोन आठवडे बसून पुन्हां टंकून काढलें.

पत्राचें तसें झालें नाहीं. तें पत्र काकांच्या आजोबांचें. प्लेगच्या दिवसांत गांव सोडून माळावरच्या झोपडींत राहत असतांना, पहिली पत्नी गेल्यावर तिसऱ्या दिवशीं त्यांनीं धाकट्या भावास लिहिलेलें. प्रतिमेच्या वरच्या अकरा ओळी स्पष्ट होत्या. त्याखालीं सपाट करडा रंग. आणि नेमक्या खालच्या भागांत, ही बातमी तिच्या माहेरीं कोणीं जाऊन सांगावी हें लिहितांना, त्या बाईंच्या गांवाचें नांव आलेलें होतें. तें दुसऱ्या कोणत्याही कागदांत नव्हतें. काकांच्या वहींत त्या स्त्रीच्या नांवापुढें त्यांच्याच अक्षरांत लिहिलेलें होतें: 'माहेर: पत्रावरून घ्यावें.'

मीं त्या डिस्ककडून तो भाग आणखी तीन वेळां मागून पाहिला. प्रलंबित सेक्टरांचा आंकडा तेवढा वाढला. अक्षर एकही आलें नाहीं. मग थांबलों.

आतां सर्व सामग्रीच्या तीन प्रती आहेत: एक सांगलीला काकांकडे, एक पुण्यास माझ्याकडे वेगळ्या डिस्कवर, आणि एक दूरच्या सर्व्हरवर. तीन महिन्यांतून एकदां मी प्रत्येकींतील दहा-वीस फाइली उघडून पाहतों. न उघडून पाहिलेल्या प्रतीस मी प्रत म्हणत नाहीं. नव्या संगणकांविषयीं दोन गोष्टी जातां जातां सांगतों. चिपांची डिस्क पुष्कळदां कांहींही सूचना न देतां एकाएकीं बंद पडते, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फारच थोडी. दुसरें असें कीं, हल्लींचें विंडोज डिस्क कुलूपबंद करून ठेवूं शकतें. त्या कुलपाचा क्रमांक कागदावर लिहून ठेवलेला नसेल, तर एकूण एक सेक्टर वाचूनही हातीं कांहीं लागत नाहीं.

कुलवृत्तांत २०२४ सालीं छापून झाला. त्यांत तें पत्र आहे. पहिल्या अकरा ओळी साध्या छापल्या आहेत. पुढच्या नऊ काका-काकूंनीं आठवून आठवून सांगितल्या, कारण ट्रंक असतांना काकांनीं तें पत्र एकदां जेवणानंतर सर्वांस वाचून दाखविलें होतें. त्या ओळींखालीं सबंध नागमोडी रेघ आहे. गांवाच्या नांवाविषयीं मात्र दोघांचें जमलें नाहीं. काकांना केळशी आठवत होतें, काकूंना केळूस. एक दापोलीकडचें, दुसरें वेंगुर्ल्याकडचें. मध्यें सारें दक्षिण कोंकण. दोघेंही माघार घेईनात. काकांनीं ओळींत केळशी घातलें, आणि पानाच्या तळाशीं बारीक टाइपांत टीप दिली: 'पाठभेद: केळूस. सौ. काकूंच्या स्मरणावरून.'

काकू म्हणतात कीं, दुसऱ्या आवृत्तींत त्यांचें वर आणि काकांचें खालीं जाईल. या मार्गशीर्षांत दोघांनाही घेऊन केळूसला जाण्याचें ठरलें आहे. तेथील एका घरीं जुन्या वह्या आहेत असें कळतें.